केसांची जागा

प्रिय किनू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र तू न उघडताच बाजूला ठेवशील, अशी धास्ती वाटते. ठेवू नकोस. कोबेहून आलेल्या एका बाईंकडून मी तू कोरलेल्या छापाची काडेपेटी मागून घेतली. हत्तीच्या शेपटीला अकरा केस! अगं वेडे, काडेपेटीवर एवढं कोण कोरतं?

बाबांनीही भिंग लावून पाहिले. म्हणाले, "कुणी शिकवलं हिला?" मी म्हटलं, "तुम्हीच." तर म्हणतात, "तू सभेत बोल. घरात चहा टाक."

सभेत मी बोलतेच आहे. परवा उएनोच्या भर सभेत विचारलं, "इतकी वर्षं बाईला चित्रात बसवलंत, बर्फात, चेरीच्या फुलांखाली, वेळूच्या बनात. तिला चित्र कोरायला एकदा तरी बसवलंत का?" टाळ्या कडाडल्या. घरी येताना मात्र तो दिवस आठवला. सहा वर्षांपूर्वी, तू घर सोडून कोबेला गेलीस त्याआधी, बाबांनी तुझ्या हातातली सुरी काढून घेतली. "झाडं कोर, कपडे कोर, केसांना हात लावायचा नाही. केस कोरतो तो या घरचा उस्ताद," म्हणाले. तेव्हा शेजारच्या खोलीत मी भाषण लिहीत होते, स्त्रियांच्या हक्कांवरचंच. सगळं ऐकू आलं. मी उठले नाही. वाक्य पुरं केलं.

आता इकडचं सांगते. उन्हाळ्यात बाबांकडे एक चित्र आलं. लव्हाळ्यांच्या काठी ओले केस पिळणारी बाई, सुटलेला वारा. त्यांनी ते नेहमीसारखं लाकडावर पालथं चिकटवलं. एकदा चिकटवलं की चित्र परत मिळत नाही, सुरीखाली भुश्शाबरोबर जातं, हे तुला मी काय सांगू! त्यात म्हातारे चित्रकार श्रावणसरीसारखे अचानक गेले. दुसरं चित्र नाही. बाबांनी लव्हाळी कोरली, वारा कोरला, मान, बाह्या, बोटं, सगळं. केसांची जागा तशीच. दोन महिने झाले.

प्रकाशक निशिगाकी दारात येऊन ओरडतात, "उस्ताद, टक्कल पडलेली बाई विकू का मी?" बाबा म्हणतात, "थांबा." निशिगाकींनी कांदा पेठेतल्या दुसऱ्या कारागिराचं नाव काढलं, तर बाबा उसळले, "तो केस नाही, दोरखंड कोरतो!" पण महिनाअखेरीला लाकूड त्याच्याकडेच जाणार, हे ठरलंय.

मला वाटलं, डोळ्यांमुळे थांबलेत. डोळे अधू झालेतच; परवा सोयाबीनच्या रसाऐवजी माझी शाई भातावर ओतत होते. पण काल त्यांनी मला बोलावलं. "तुला मोठमोठं लिहिता येतं ना? मग लिही." कुणाला, ते बोलले नाहीत. फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी पुढे सरकवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

ते या पत्रासोबत पाठवते आहे. त्यांची केस कोरायची सुरी. पातं जुनंच आहे, मूठ नवी. मी धरून पाहिली, मला बसली नाही. त्यांच्या पंजात तर ती हरवतेच. सहा वर्षांत तुझा हात त्यांनी पाहिलेला नाही. तरी माप चुकलं नसावं. तू धरून बघ. बसली, तर शनिवारच्या गाडीने ये. यावेळी मी शेजारच्या खोलीत नसेन, दारात उभी असेन.

तुझीच बहीण, उशिरा उठलेली
शिगे