खादोबाचं पथ्य

४ जानेवारी

चि. धाकटीस, अ. उ. आ.

रक्तातली साखर उतरली. डॉक्टर खूश आहेत. गेल्या भेटीत तू सगळ्यांदेखत खादोबा म्हणालीस, तेव्हापासून मधुमेहाशी माझं उघड भांडण आहे. बेकरीत दिवसभर पाव भाजतो, पण तुकडा तोंडात टाकत नाही. अंडी, दूध, डाळही बंद. उकडलेला दुधी आणि कोरा चहा. पँट सुतळीने बांधतो. तुझी वहिनी म्हणते, आत माणूस आहे का ते रोज बघावं लागतं.

भट्टीतला निखारा बुटात शिरला होता. मोजा ओला दिसला तेव्हा कळलं. दुखत नाही, काळजी नको.

लोभ आहेच, तो पथ्यात बसतो.
दादा

१९ जानेवारी

ती. दादास, सा. न. वि. वि.

जिंकलास! माझ्या ताटातली बटाट्याची फोड पळवणारा तो हाच, हे इथे कुणाला खरं वाटत नाही. आता मागे फिरू नकोस. पाय मात्र दाखव.

लोभात कपात नको.
धाकटी

११ फेब्रुवारी

चि. धाकटीस, अ. उ. आ.

जखम भरत नाही. नर्स म्हणते, दुखत नाही हेच वाईट. पायाच्या नसा मेल्यात. वर म्हणते, उपाशी अंगात मांस कुठून भरणार? साखर सांभाळूनही अंडी, डाळ खाता येते म्हणे. मी हसलो. मागे फिरू नको असं तू लिहिलंस, तेवढं मला पुरे.

लोभ ठेव.
दादा

२ मार्च

प्रिय वन्सं, न. वि. वि.

काल यांच्या पायाची तीन बोटं काढली. डॉक्टर म्हणतात, पोटात काही गेलं नाही तर हीही जखम चिघळेल आणि पाय जाईल. ताट पुढे केलं की तोंड फिरवतात. धाकटी हसेल म्हणतात. तुमचं पत्र उशीखाली आहे. आजच लिहा.

तुमची वहिनी

५ मार्च

दादा,

मी हसणार नाही. ते पत्र फाडून टाक. तू किती वाळलास ते न बघताच मी शाबासकी दिली. वहिनी देईल ते खा. पंधरवड्याने येते. लहानपणासारखं माझ्या ताटातलं पळव. मी ओरडेन, पण ताट ओढून घेणार नाही.

धाकटी

१२ मार्च

चि. धाकटीस,

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी पाय गेला, गुडघ्याखालून. शुद्धीवर आल्यावर वहिनीने वाचून दाखवलं. अंडं खाल्लं. चव लागली नाही, गिळलं. आता ही जखम भरायची आणि दुसरा पाय राखायचा. वहिनी रोज तळव्याखाली आरसा धरते, न दुखणारी नवी जखम नाही ना, ते मी बघतो.

ये. ताट भरून घे.

तुझा
खादोबा