बांबूचा मोबाईल

१८ नोव्हें., सिंदेवाही
नाटकं लिहिणं सोडून तीन वर्षं झाली, तरी मंडईचे, गावजत्रेतल्या नाटकांचे दिवस आले की बोटं वळवळतात. म्हणून हे खूळ. माणूस मावेल एवढी, मोबाईलच्या आकाराची बांबूची चौकट मैदानात उभी करायची. कोणीही आत उभं राहून मनातलं बोलावं. बघणाऱ्याला कंटाळा आला तर अंगठ्याने सरकवता येणार नाही, सगळ्यांदेखत उठून जावं लागेल. बघू किती जणांची छाती होते.
बांबूकाम रामदासभाऊकडे. म्हणे, "मास्तर, एवढा मोठा मोबाईल. चार्जिंग कुठी लावता?"

२२ नोव्हें.
वडशाला आमच्या जुन्या नाटक कंपनीच्या मालकाकडून फाटका पडदा मागून आणला. तो म्हणे, "लोकं डान्स पाहायले येतात. गावच्या म्हाताऱ्याले काऊन पाहतील?"
डान्सला जागा करून देणारा मीच. शेवटच्या अंकात आमची नटी कमलबाई परगावी निघालेल्या मुलाचा डबा भरायची आणि बोलत राहायची, बस्स. मंडपातला खोकलासुद्धा थांबायचा. तो प्रवेश मी कापला, दोन गाणी बसावीत म्हणून. भांडली नाही. सीझन संपला, बल्लारपूरला लेकीकडे गेली, ती गेलीच.

२३ नोव्हें.
चौकट सगळ्यांसाठी, असं सांगत फिरतो. रामदासला माप मात्र तिच्या उंचीचं दिलं.

२९ नोव्हें.
कमलबाईला फोन केला.
"नाटक नाई, त मी येऊन काय करू मास्तर?"
"डब्याचा प्रवेश करा. पहिला मान तुमचा."
"तो तुमी कापला ना."
मागे टीव्हीवर कोणीतरी रडत होतं. वाईट रडत होतं. हे तिलाही कळत असणार. येईन म्हणाली नाही. नाही येत, असंही नाही.

७ डिसें., सकाळ
आज मंडई, आणि घोळ. रिक्षावरच्या भोंगेवाल्याने सवयीने 'नाटक' पुकारलं. मैदानात जाऊन पाहतो तर चटया, बोऱ्या, कोपऱ्यांवर दगड. जागा धरून सगळे शेतावर गेलेले. चटई टाकली म्हणजे माणूस येणार, तिला कोणी हात लावत नाही. आता नाटक नाही हे कोणत्या तोंडाने सांगू?

दुपार
बल्लारपूरहून कमलबाईची शेजारीण आली, तिचं माहेर इथलं. पहिल्या ओळीत निळी चटई अंथरली.
"बाईची आहे. संध्याकाळच्या गाडीनं येते. पण बोलणार नाई."
"मग?"
"पाहीन म्हणते. लिहिला मास्तरनं, कापला मास्तरनं, आता करा म्हणा त्याईलेच."

चार वाजले
प्रवेश आठवून लिहितोय. डबा उघडते. भाकर ठेवते. चटणी वेगळ्या पुडीत. इथवर माझं. पुढचं, ज्याला मंडप गप्प व्हायचा, ते माझ्या वहीत कधीच नव्हतं. ती रोज मनानेच बोलायची. मी पडद्याआड उभा राहून ऐकायचो, एकदाही उतरवून घेतलं नाही.
गाडी मूल स्टेशनपर्यंत आली असेल.