सशाच्या पुस्तकाला मोठ्यांचं कव्हर

आई, आज ऑफिसात पुन्हा तेच काम आलं. पुस्तक लहान मुलांचं, मजकूर तोच, फक्त मोठ्या माणसांना चारचौघांत हातात धरायला लाज वाटणार नाही असं मुखपृष्ठ हवं. इथली तरुण मुलं विचारतात, तुम्हाला हे बरोबर कसं जमतं? मी बाजाराचं काहीतरी बोलून वेळ मारून नेते. तुझं नाव काढलं तर रडू येईल, आणि मीटिंगमध्ये ते मला परवडत नाही.

घाटकोपरची आपली टेकडीवरची चाळ आठवते. गिरणीचा संप चिघळला तसे बाबा गावी निघून गेले होते. मी छापखान्यात चित्रकार म्हणून नुकती लागले होते आणि तू, चाळिशी उलटल्यावर, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात जाऊन अक्षराला अक्षर जोडायला शिकली होतीस. वर्ग बंद पडला आणि शिकलेलं सगळं विसरणार या भीतीने तुझा जीव खालीवर होऊ लागला. मोठ्यांच्या पुस्तकातली बारीक अक्षरं तुला झेपत नव्हती, म्हणून मी मुलांचं पुस्तक आणलं. ठळक टाइप, वर लाल चड्डीतला ससा. तू ते घेऊन गॅलरीत बसलीस आणि शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय गो, बालवाडीत नाव घातलंस की काय?" सगळ्या हसल्या. तूही हसलीस, आणि पुस्तक पिठाच्या डब्यामागे गेलं.

मग मी शहाणपणा केला. जाड कागदावर गणपती रंगवून पोथीसारखं कव्हर चढवलं. पोथी वाचणाऱ्या बाईला कोण हसणार? दुसऱ्या दिवशी घरी येते तर पुस्तक देव्हाऱ्यात, हळदकुंकू वाहिलेलं, आणि तू मोरीत बांगडे साफ करतेयस.

"अगं आई, आत ससाच आहे!"

"आसांदे. वर देव आसा ना? माशांच्या हातान देवाक शिवू?"

तुझे हात दिवसभरात रिकामे आणि सोवळे असे कधी असायचेच नाहीत. पुस्तकाची पूजा होत राहिली, वाचन काही होईना.

दुसरं कव्हर मी जीव ओतून केलं. खिडकीशी पाठमोरी उभी बाई, सुटलेला अंबाडा, लांबवर खाडी. वाचनालयातल्या कादंब‍ऱ्यांवर असतं तसं. या वेळी गॅलरीत कुणी हसलं नाही. काकू तर म्हणाल्या, "कादंबरी काय गो? मागसून माका दी." तू ओळीवर बोट ठेवून वाचतेस, ओठ हलतात, जोडाक्षरापाशी कपाळावर आठी येते. दिवाळीपर्यंत तू पुस्तक संपवलंस.

आणि एका दुपारी तू गॅलरीत बसलेली, पुस्तकावर उघडा ससा, काकूंना मोठ्याने वाचून दाखवतेयस. काकू मटार सोलता सोलता विचारतात, "मगे ससो काय म्हणालो?"

"कव्हर का काढलंस?" मी विचारलं.

"आता माका वाचूक येता. ससो दिसलो तर दिसांदे."

हे पत्र कुठे पाठवणार? ही गोष्ट मी कधी कुणाला सांगितलीच, तर माझ्या आईच्या ताठ मानेची म्हणून सांगेन, आणि ती खरीच आहे. पण तुला एकटीला सांगते, त्या दुपारी मला फार वाईट वाटलं होतं. चित्र छान जमलं होतं गं. एकदा तरी म्हणायचं होतंस.