यंत्र क्रमांक सातची जाळी

मी, डोमाजी तुळशीराम तेलगोटे, वय ७१, जिनिंगमधला निवृत्त फिटर, राहणार अकोट, जिल्हा अकोला, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डावा कान यंत्रांनी नेला आणि मूत्रपिंडे डॉक्टरांच्या ताब्यात आहेत. वरची तारीख कधी लागेल याचा नेम नाही, म्हणून कागद करून ठेवतो.

१. राहते घर, दोन खोल्या व मागचे अंगण, माझ्या पश्चात पत्नी सुंदराबाईचे. तिच्यानंतर मुलगा सुगत आणि मुलगी रश्मी यांनी निम्मे-निम्मे घ्यावे. ती असेतो घर विकण्याचा विषय कोणी काढू नये. काढल्यास ती काय बोलेल, ते कागदावर लिहिण्याजोगे नाही.

२. बँकेत जे असेल तेही सुंदराबाईचे. भांडणाला पुरेल इतके ते नाही.

३. हत्यारांची पेटी, सर्व पान्हे, हातोड्या व कानशींसह, रश्मीस. तिने आयटीआयला फिटर ट्रेड घेतला तेव्हा आपल्याच भावकीतले लोक हसले होते. आज ती अमरावतीला तोच ट्रेड शिकवते. सुगतने राग मानू नये. त्याच्या हाती पेटी गेली तर भंगारात जाईल, हे त्यालाही मान्य आहे. पेटीतला मोठा पाईप पान्हा शेजारी चंद्रभान यांनी अकरा वर्षांपूर्वी तासाभरासाठी नेला. माझ्या पुण्यानुमोदनाला ते जेवायला येतीलच. ताट वाढण्याआधी पान्हा मागून घ्यावा.

४. कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून बांधलेली लोखंडी जाळी पंचफुला देवीदास हाडोळे, राहणार अकोट, यांस द्यावी. तिच्यावर पिवळ्या रंगात ७ हा आकडा आहे, तो माझ्या हातचा. ही जाळी त्यांना कशासाठी, ते लिहितो.

पंचफुलाबाई आमच्या जिनिंगमध्ये सात नंबरच्या यंत्रावर कापूस लावत. यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर ही जाळी असे. ओला कापूस आला की पट्ट्यात रुई अडकायची. साफ करायला जाळीचे चार बोल्ट खोलावे लागत, आणि तोवर मुकादम डोक्यावर उभा. म्हणून हंगामात जाळ्या काढूनच ठेवायच्या, अशी आमच्याकडची रीत. सातची जाळी मी माझ्या पान्ह्याने काढली आणि मुकादमाला विचारून घरी आणली. महिनाभराने, डिसेंबर २०१९ मध्ये, पंचफुलाबाईंचा उजवा हात पट्ट्यात गेला. मनगटापासून कापावा लागला. निरीक्षक यायच्या आधी तिथे नवी जाळी बसवणाराही मीच.

त्यांनी अकोल्याच्या कामगार न्यायालयात भरपाई मागितली. कायद्यात असे आहे की, अशा दुखापतीत कामगाराने संरक्षणाची जाळी मुद्दाम काढली असेल, तर मालकावर जबाबदारी येत नाही. मालक म्हणाला, बाईनेच काढली. त्याचा सगळा बचाव या एका वाक्यावर उभा आहे, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ते वाक्य शपथेवर माझ्या तोंडून गेले. सुगत त्याच जिनिंगच्या वजनकाट्यावर कामाला आहे, याची आठवण मला कोणी करून दिली नाही. तशी गरजच नव्हती.

पंचफुलाबाईंची जबानी माझ्या आधी झाली. हजेरीपटावर वळणदार सही करणारी ती बाई. जबानीखाली तिने डाव्या हाताचा अंगठा उमटवला. माझी साक्ष संपल्यावर व्हरांड्यात त्यांनी एवढेच विचारले, "डोमाजीभाऊ, चार बोल्ट मले नुसत्या हातानं खोलता येतात का जी?"

मी पाणी प्यायला व्हरांड्यातल्या नळाकडे गेलो. पान्ह्याशिवाय ते बोल्ट हलत नाहीत. कोर्टात हे कोणी विचारले नाही, आणि चाळीस वर्षे फिटरकी केलेल्या माणसाने आपणहून सांगितले नाही. मला त्याची लाज वाटते. बाजारात त्या भाजी घेऊन बसतात, ती ओळ मी टाळतो.

माझे वकील भगवंतराव यांचा सल्ला असा की, हे मृत्युपत्रातच ठेवावे. जिवंतपणी कबूल केल्यास खोट्या साक्षीचा खटला होईल, मेल्यावर कोणी विचारत नाही. सल्ला पटला म्हणून हे कलम इथपर्यंत लिहिले आणि सुंदराबाईला वाचून दाखवले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मेल्यावर खरं सांगसान? अन् तवरोक त्या बाईचा निकाल लागून गेला त? भाकर कोन्या हातानं थापावी तिनं?"



५. सबब कलम ४ मधील देणगी रद्द. पुढची तारीख याच महिन्याच्या २१ ला आहे. त्या दिवशी मी जाळी घेऊन सकाळच्या एसटीने अकोल्याला जाईन, ती पंचफुलाबाईंच्या वकिलांच्या हवाली करीन आणि पुन्हा साक्षीला उभे करा म्हणून सांगेन. माझ्यावर खटला झालाच तर तो माझा एकट्याचा. वारसांत वाटू नये.

६. यामुळे सुगतची नोकरी जाऊ शकते. त्या बदल्यात त्याला द्यायला माझ्यापाशी काही नाही, म्हणून हे कलम रिकामे आहे. रविवारी त्याला सगळे सांगितले. तो जेवला, अंगणात गेला, पक्कड घेऊन खुराड्याच्या तारा सोडायला बसला. शेवटची तार सोडून म्हणाला, "बाबा, हे एकट्यानं उचलनं होत नाई तुमच्याच्यानं. काट्यावर सुट्टी सांगतो. मी येतो."

जाळी सध्या दारामागे उभी आहे. खुराड्याला फळी लावली आहे.

हे मृत्युपत्र मी स्वतः लिहिले, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्या समक्ष सही केली.

ठिकाण : अकोट
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार :
१. चंद्रभान किसन गवई, शेजारी. (वाचन ऐकून उठले आणि पान्हा आणून दिला. त्यांना जेवायला वाढावे.)
२. अश्विन दामोदर वानखडे, शिक्षक.

लिहून ठेवणार :
डोमाजी तुळशीराम तेलगोटे
(सही उजव्या हाताने केली आहे.)