भाविकाची गोधडी

भाविका पोरी,

पाऊस सरला. घटस्थापनेआधी घर धुऊन काढलं आणि गोधड्या करंजाड्याच्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर उन्हात टाकल्या. तुझीही टाकली, दरवर्षी बाबांच्या नजरेआड टाकते तशी. आमचं न ऐकता तू लग्न केलंस, तेव्हापासून चार वर्षं घरात तुझं नाव काढायचं नाही.

दुपारी वर गेले, तर बाबा तीच गोधडी उलटत होते. मलाच ओरडले, "एकाच बाजूला ऊन दाखवलंस. आतून दमट राहील नाय का?"

संध्याकाळी मी ती माळ्यावर ठेवायला निघाले, तर बाबा म्हणाले, "वर नको. हाताशी राऊ दे. थंडी येईल आता."

'तिला बोलव' म्हणाले नाहीत, म्हणून हे पत्र धाडत नाही. पण पोरी, थंडीला महिनाच उरलाय.

गोधडी खाली ठेवून बसलेली,
तुझी आई