सरुमावशी शपथ घेणार नाही

लोणावळा,
जानेवारी १९३८

प्रिय आबा,

माझा ताप उतरला. पोटाला लावलेली नळी डॉक्टरांनी काल काढली आणि आज उशीला टेकून मी स्वतःच्या हाताने लिहिते आहे. महिपतीबरोबर पाठवलेला तुमचा निरोप पोचला. पण आधी झालं ते नीट ऐका, कारण गावात तुम्हाला ते कोणी सांगणार नाही.

दिवाळीनंतर थंडी वाजून ताप येऊ लागला, बरगड्यांखाली ठणका लागला, तेव्हा वडगावच्या शाळेतल्या माझ्या वर्गाच्या मुलींना दुसऱ्या बाईंच्या हवाली करून मी कार्ल्याला तुमच्याकडे आले. हिवताप म्हणून क्विनाईन घेतलं, तर कानात नुसती शिट्टी वाजत राहिली. अंगावर मांस उरलं नाही. मग तुम्ही देवऋषी बोलावलात. त्याने एकच विचारलं, पोरीला खाऊपिऊ कोण घालतं? आई गेल्यापासून शेजारच्या सरुमावशीनेच मला वाढवलं, हे सगळ्या गावाला ठाऊक. करणीचा आळ घेऊन दुसऱ्या दिवशी गावाने तिचं घर मोडलं, भांडी रस्त्यावर फेकली. मी खिडकीतून पाहिलं, आबा. ती रडत नव्हती. "पोरीला पेज दिली, इख न्हाई," एवढंच म्हणत होती. आणि सगळ्या भावकीशी भांडून ज्यांनी मला शाळेत घातलं, ते तुम्ही ओट्यावर मान खाली घालून बसला होतात.

तुम्ही शेतावर गेल्यावर मी मेहबूबभाईंचा टांगा थांबवला. मला कोणी पळवलं नाही, माझ्या पायांनी मी चढले. मावशी रस्त्याकडेला चिंचेखाली बसली होती, तिलाही वर घेतलं. लोणावळ्यापर्यंत माझं डोकं तिच्या मांडीवर होतं.

इथे डॉक्टरांनी बरगडीखाली नुसतं दाबलं तर मी किंचाळले. त्यांनी पोट उघडलं. यकृतात गळू झालं होतं. वाटीभर पू निघाला आणि त्यात माशाचा काटा, बोटाच्या पेराएवढा. गिळलेला काटा जठराला भोक पाडून यकृतात घुसला होता. एवढा जाड काटा समुद्राच्या मासळीचा, असं ते म्हणाले. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होते तेव्हा काकांनी मुंबईहून आणलेली सुरमई आठवते? थोरला तुकडा तुम्हीच आग्रहाने माझ्या ताटात वाढलात. मावशीच्या गळ्यात तुळशीची माळ. तिच्या चुलीवर मासा कधी चढला नाही. मी तुम्हाला दोष देत नाही. काटा घशाखाली उतरताना मलाही कळला नाही. पण आता विचारा त्या देवऋषीला, करणी कोणाची?

तुमचा निरोप असा, की घरी ये. सरूने देवीपुढे शपथ घेतली तर गाव तिलाही आत घेईल. त्यासाठीच हे पत्र. मावशी शपथ घेणार नाही. ती बिचारी तयार होती, मीच नको म्हटलं. जिने काही केलं नाही, तिने शपथ कशाची घ्यायची? डॉक्टर सोडतील त्या दिवशी आम्ही दोघी येतो, मागच्या पाणंदीने नव्हे, वेशीतून, चावडीसमोरून. तिचं घर पुन्हा उभं राहीपर्यंत ती माझ्याजवळ राहील. तुमच्या घरात ते चालत नसेल तर वडगावला माझी खोली आहे. चावडीवर लोक बसलेले असतील. तुम्ही त्यांच्यात बसून राहायचं की उठून आमच्याबरोबर चालायचं, तेवढं ठरवून ठेवा.

तुमचीच लेक,
शालू