पिक्चरचा शेवट मी सांगितला

१२ नोव्हेंबर २००६, रविवार

आज तांड्यात माझी कॉलर ताठ! खेमसिंग नायकाच्या अंगणात टीव्ही लावला होता. दिग्रसहून सीडी आणलेली — भुताचा, पण हसवणारा पिक्चर. हिंदी फाडफाड, म्हाताऱ्यांना कळेना. मग मीच पुढे बसून आमच्या बंजारा गोरबोलीत सांगत गेले. कॉलेजात दोन वर्षं काढली, त्याचा एवढा तरी उपयोग.

शेवट मात्र विचित्र. ज्या पोराला जाळून आले, तोच संध्याकाळी दारात! हाका मारतो. आई कडीवर हात ठेवते, हसते — आणि पिक्चर खलास! बायांचा एकच गलका, "जया, जित्ता हाय का भूत?" मला तरी कुठं कळलं होतं! पण तसं म्हणवेना. दिलं ठोकून, "भूतच. जित्तं पोरगं आपल्याच दारात हाका मारत उभं राहते का? सरळ आत येते." सगळ्यांनी माना डोलावल्या.

बिजलीबाई तेवढी अजून टीव्हीकडेच बघत होती. तिचा शाम दोन वर्षांपूर्वी सुरतेला मिलमध्ये गेला, तेव्हापासून ना फोन, ना निरोप. निघताना हळूच म्हणाली, "पोरी, त्या बाईनं मंग दार उघडलं का नाही?"

"कायले उघडन काकी? भूत कोणी घरात घेते का?"

१४ नोव्हेंबर

दिवसभर वेचणी. हातांची सालटी निघाली. कापसाचा भाव आणखी पडला म्हणतात. रामलालकाकांची दोन्ही पोरं पुण्याला निघाली. तांड्यात आता म्हातारेच उरणार.

१६ नोव्हेंबर

हापशीवर बायांनी घेरलं. काल दिवेलागणीला बिजलीबाईच्या दारात कोणी "याडी, याडी" म्हणून आईला हाका मारत होतं. तिने कडी काढली नाही. शेजारची भागीरथा विचारायला गेली, तर म्हणाली, "भूत होतं. जयानं सांगतलं होतं तसंच."

आणि बाया माझंच कौतुक करताहेत! "शिकेल पोरीचा फायदा झाला बाप्पा!"

मी हसले. आणि अर्धाच हंडा भरून घरी पळाले!

१७ नोव्हेंबर

तांड्यातले फुलसिंगदादा दिग्रसहून आले. काल सकाळी स्टँडवर शाम दिसला म्हणे. पुसदच्या गाडीत बसला होता. दाढी वाढलेली, हाक मारली तर तोंड फिरवलं. बिजलीबाईला सांगायला दादांची जीभ रेटेना. "तूच सांग, तुले जमते चांगलं." जमते!

शरम वाटते, स्वतःचीच किळस येते. शहाणपणा मिरवायला गेले आणि एका आईचं पोरगं दारातून परत पाठवलं. "मले नाही समजलं" — एवढं म्हणायला माझं काय जात होतं? उद्या जाऊन पाय धरते. तिने थोबाडीत मारली तर बरंच होईल.

१८ नोव्हेंबर

गेले. पाय धरले. सांगून टाकलं — शेवट मला कळलाच नव्हता काकी, तो शामच होता.

बिजलीबाई ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं नाही. "ठाऊक हाय मले. पहिल्याच हाकेले वळखला."

"मंग काहून नाही उघडलं?"

"उघडलं असतं तं राह्यला असता. इथं राहून काय करन तो? अन् तोंड पाह्यलं असतं तं मले 'जाय' म्हणता आलं नसतं." मग माझ्याकडे बघितलं. "तू आपली भूतच सांगत जाय सगळ्यायले."

हो म्हणून आले.